तिरीला तुम्ही कुठल्या जर्सीत पाहिलंत? (अनुभव धागा)

होझे लुइस एस्पिनोसा अरोयो. हे नाव घेतलं तर आपल्याकडे कोणी मान वर करणार नाही, पण नुसतं 'तिरी' म्हटलं की आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) बघणारे लगेच बोलायला लागतात. स्पेनच्या दक्षिणेकडच्या काडिझ प्रांतातला हा सेंटर बॅक, म्हणजे बचाव फळीच्या मध्यभागी खेळणारा, जन्म 1991 चा. अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या ब संघात खेळला आणि 2015 मध्ये कोलकात्यात आला. तेव्हा तिथल्या एटीके क्लबमध्ये अ‍ॅटलेटिकोची भागीदारी होती, त्यामुळे तिकडून इकडे माणसं येत. बहुतेक परदेशी खेळाडू एक-दोन मोसम खेळून परत जातात. हा एटीके, जमशेदपूर, एटीके मोहन बागान (एटीके आणि मोहन बागान एकत्र आल्यावरचा संघ, नंतर पुन्हा नुसता मोहन बागान) आणि मग मुंबई सिटी असा फिरत राहिला.

स्ट्रायकरांवर लिहायला सगळेच येतात. मला डिफेंडरवर धागा हवा होता, त्यातही असा, ज्याच्या चुकाही लोकांना तारखेनिशी पाठ आहेत. पहिल्यांदा कुठे पाहिलात, शिव्या कधी घातल्यात, टाळ्या कधी वाजवल्यात ते लिहा. आकडेवारी नसली तरी चालेल.

बिष्टुपूरकर

आमची तिसरी पिढी जमशेदपुरात. आजोबा टिस्कोत (आताची टाटा स्टील) लागले तेव्हापासून इथेच. 2017 मध्ये शहराला स्वतःचा क्लब मिळाला याचं अप्रूप बाहेरच्यांना कळणार नाही. क्लब टाटा स्टीलचा, त्यामुळे शिफ्टवरून सुटलेला माणूस थेट मैदानावर. आणि सुरुवात कशी? पहिली मॅच 0-0, दुसरी 0-0. 1 डिसेंबरला जेआरडी स्टेडियमवर घरची पहिली मॅच, समोर तिरीचाच जुना एटीके, तीही 0-0! शेजारचे काका म्हणाले, "अरे, गोल कब होगा, रिटायरमेंट के बाद?" प्रशिक्षक स्टीव्ह कॉपेल. बचाव आधी, बाकी सगळं नंतर, असा त्यांचा हिशोब.

त्या मोसमात मी एक सवय लावून घेतली. बॉल आपल्या लोकांकडे असताना बॉल सोडून तिरीकडे बघायचं. तो उभा राहून सतत हाताने खुणा करतो, तू इकडे, तू मागे. रोलिंग मिलमधले आमचे फोरमन अगदी असेच, स्वतः फार पळत नाहीत, पण ते नसले की पाळीचा विचका ठरलेला.

रंकाळा_राजा

आमच्या अनिकेत जाधवमुळं जमशेदपूरच्या मॅच बघायला लागलो. 2019 ला पोरगं तिकडं गेलं आणि तालमीतल्या सगळ्यांनी मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. तिरी दिसला तो तिथं.

मी पण बॅकलाच खेळायचो. पेठेच्या टीममध्ये, नाव सांगत नाही, कोल्हापुरात नाव सांगितलं की भांडण. शाहू स्टेडियमवर एकदा उजव्या बगलेतनं क्रॉस आला. माझ्या मागं त्यांचा फॉरवर्ड आहे असं मला वाटलं. पाय घातला, बॉल गुडघ्यावर बसला आणि आमच्याच गोलीच्या काखेतनं आत. मागं वळून बघतोय तर फॉरवर्ड पार तिकडं, कोणी नव्हतंच. मॅच 1-0 नं गेली. पुढचे पंधरा दिवस मी दूध आणायला दुसऱ्या गल्लीतनं जायचो. चहावाला पैसे घेताना म्हणायचा, "पाहुणे, आज कुणाकडनं?"

त्यामुळं 2021 च्या फायनलमधला तिरीचा ओन गोल मी पुन्हा बघितलेला नाही. लोक लिंक पाठवतात, उघडत नाही.

फातोर्ड्याचा_शेजारी

तो ओन गोल झाला ते मैदान माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. 13 मार्च 2021. करोनामुळे अख्खी स्पर्धा गोव्यात आणि प्रेक्षकांना बंदी. गच्चीवरून फ्लडलाइट दिसतात आणि फायनल टीव्हीवर बघायची, याहून मोठी थट्टा नसेल.

डेव्हिड विल्यम्सने एटीके मोहन बागानला मुंबई सिटीविरुद्ध 1-0 पुढे नेलं होतं. मग 29व्या मिनिटाला मुंबईच्या जाहूने मागून लांब बॉल टाकला. तिरी मागे धावत होता, गोली अरिंदम पुढे आला होता, तिरीने डोक्याने बॉल बाजूला काढायला बघितला आणि तो अरिंदमला चुकवून जाळ्यात. रिकामं मैदान असल्याने खेळाडूंची आरडाओरड स्पष्ट ऐकू येत होती. भरलेल्या मैदानात निदान गोंगाटात लपता येतं. शेवटी 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने मारला आणि मुंबई 2-1. खरं तर तोवर तिरी आणि नंतर आमच्या एफसी गोवात आलेला संदेश झिंगन यांची जोडी त्या मोसमात भिंतीसारखी उभी होती, पण ते सांगायला गेलं की लोक म्हणतात, हो हो, पण तो ओन गोल...

आमचा स्पॅनिश डिफेंडर मात्र वेगळा, कार्लोस पेन्या. 2018 ते 20 गोव्यात खेळला, लीग शील्ड (साखळी फेरीत पहिल्या आलेल्या संघाचं बक्षीस) जिंकलं, नंतर प्रशिक्षक म्हणून परत आला. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येईन.

आणि 24 एप्रिल 2024 ची सेमीफायनल कोणी विचारू नका. 89व्या मिनिटापर्यंत 2-0 पुढे होतो. पार्किंगमधली गर्दी टाळायला मी स्कूटरकडे निघालो. हेल्मेट घालेपर्यंत मुंबईचे तीन गोल.

गुडघेदुखी

मी खेळ म्हणून नाही, दुखणं म्हणून तिरीच्या मागे लागले. 18 मे 2022 ला एएफसी कपमध्ये गोकुलम केरळविरुद्ध कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर त्याचा गुडघा गेला. समोर कोणी जोरात आदळलेलं नसतानाही माणूस असा खाली बसतो तेव्हा ज्यांचं लिगामेंट तुटलंय त्यांना पडद्याबाहेरूनही कळतं. माझं त्याच वर्षी जानेवारीत तुटलं होतं, नागपुरात, हँडबॉल खेळताना.

ज्यांनी हे भोगलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेशननंतरचा पहिला व्यायाम असा: टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने ती दाबायची. बस. मांडीचा स्नायू हलला तर हलला. मी पहिले चार दिवस मेंदूतून हुकूम सोडत होते आणि मांडी ढिम्म. आई बाजूला बसून मोजायची, "दहा झाले", आणि मी म्हणायचे, "आई, एकही झाला नाही." नऊ महिन्यांनी मी पळाले. पण पहिल्यांदा कोणी अंगावर आलं तेव्हा पाय आपोआप मागे गेला. गुडघा बरा होतो, ती भीती वेगळी.

2022-23 चा अख्खा आयएसएल मोसम तो बाहेर होता आणि त्याच्याशिवाय त्याचा संघ जिंकलासुद्धा. बत्तिशीकडे झुकलेला, दुखापतग्रस्त, परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा. मी त्याला मनातल्या मनात निवृत्त करून टाकलं होतं. पुढच्या मोसमात मुंबईच्या यादीत नाव दिसलं आणि मी स्क्रीनशॉट काढून माझ्या फिजिओला पाठवला. तिचं उत्तर, "छान. तू आज स्क्वॉट्स केलेस का?"

पौडफाटा

छोटासा अनुभव. सप्टेंबर 2023, बालेवाडी, मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या नासाजीविरुद्ध, 0-2. मुंबईची 'घरची' मॅच पुण्यात, हा विनोद आधी पचवावा लागला. बचाव कसा होता ते आठवत नाही, चांदणी चौकातलं ट्रॅफिक आठवतं.

बदलीवरचा_माणूस

बँकेने दोन वर्षं कोलकात्यात टाकलं होतं. 4 मे 2024, सॉल्ट लेक, फायनल, 62 हजार लोक आणि मी मरून-हिरव्या समुद्रात. मुंबईचा टी-शर्ट कपाटातच ठेवून पांढरा शर्ट घालून गेलो, कारण ऑफिसमधल्या ज्या सहकाऱ्याने तिकीट काढलं होतं तो पिढीजात मोहन बागानवाला. "दादा, तुमि तो आमादेर शोंगे" (तुम्ही तर आमच्याबरोबर) म्हणत त्याने माझ्या गळ्यात मफलर घातला. मे महिन्यात!

तीन आठवड्यांपूर्वी इथेच बागानने मुंबईला हरवून शील्ड नेलं होतं. आज 44व्या मिनिटाला कमिंग्जचा गोल झाला तेव्हा खालचं काँक्रीट हललं, खरंच. बागानच्या बाकावर अंतोनियो हाबास, म्हणजे 2015 मध्ये तिरी भारतात आला तेव्हाचा त्याचा पहिला प्रशिक्षक. आजूबाजूचे लोक तिरीकडे बॉल गेला की ओरडत होते. बंगाली मला पूर्ण येत नाही, पण कौतुक नव्हतं एवढं कळत होतं.

मग मुंबईकडून पेरेरा डियाझ, मग बिपिन, शेवटी वोयटुस. 3-1. मी चेहरा शोकाकुल ठेवला, पण खिशातल्या हाताची मूठ काही सुटेना. सहकारी घरी जाईपर्यंत गप्प होता. उतरताना मफलर परत मागितला आणि म्हणाला, "तिरीटा आमादेरई छिलो." आमचाच होता. त्यात राग किती आणि माया किती, ते मला सांगता येणार नाही.

ठाणेकर_आझादनगर

अंधेरीला मुंबई सिटीच्या घरच्या मॅचला मी नियमित जातो, मेट्रोने आझादनगरला उतरून. पण माझी आठवण टीव्हीची आहे. 13 सप्टेंबर 2024, नव्या मोसमाची पहिली मॅच, पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा बागान. या वेळी त्यांच्या बाकावर मोलिना, ज्याच्या हाताखाली 2016 मध्ये तिरीच्या एटीकेने करंडक जिंकला होता. जुनी माणसं आळीपाळीने समोर येत होती.

घरी गणपती, अकरा दिवसांचा. आरती नेमकी साडेसातला. टीव्हीचा आवाज बंद करून मी टाळ वाजवत होतो, डोळे तिरपे. 'सुखकर्ता' झालं, 'लवथवती' चालू झालं आणि नवव्या मिनिटाला तिरीने बॉल आपल्याच जाळ्यात घातला. माझा टाळ थांबला. बाबांनी वळून पाहिलं, टीव्ही पाहिला आणि तोंडाने आरती चालू ठेवत कपाळावर हात मारला. 2021 त्यांनाही आठवत होतं. थोड्या वेळाने बागानचा दुसरा गोल. बाबा म्हणाले, "मी मोदक वाफवायला ठेवलेत ते बघतो," आणि आत गेले.

70व्या मिनिटाला तिरीने गोल केला. मी असा ओरडलो की शेजारच्यांना वाटलं आमच्याकडे काहीतरी पडलं. (90व्या मिनिटाला मुंबईच्या क्रूमाने बरोबरी केली, 2-2 सुटली, पण ते नंतर.)

"कोणी मारला?" स्वयंपाकघरातून आवाज.

"तिरीने!"

आतून झाकण ठेवल्याचा आवाज आला. "आता कोणाच्या पोस्टात?"