टीजीएफ-बीटा एकच, मग पेशी कधी टीरेग तर कधी टीएच१७ का होते? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. एमएस्सीला आहे. चवथीची सुट्टी संपली की लगेच माझा सेमिनार, विषय सहायक टी पेशी (इतर संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या पेशी).

त्यांचे टीएच१-टीएच२ हे प्रकार समजले. आयएल-१२ (आयएल म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं) मिळालं की स्टॅट४ आणि टी-बेट (जनुकं चालू-बंद करणारी पेशीतली प्रथिनं), मग टीएच१ पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप सोडते आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) पोटात दडलेले जंतू मारतात. आयएल-४ मिळालं की स्टॅट६ आणि गाटा३, ती टीएच२, जंतांवर आणि अ‍ॅलर्जीत.

घोडं अडलंय पुढे. टीजीएफ-बीटा (हाही एक निरोपच) दिलं की फॉक्सपी३ हे टीरेगचं मुख्य बटण चालू होऊन दाह आवरणारी टीरेग तयार होते. त्याच्याच जोडीला आयएल-६ दिलं की दाह भडकवणारी टीएच१७! तक्ता पाठ आहे, पण आयएल-६ आत जाऊन करतं काय? २०२५ चं वैद्यकाचं नोबेल टीरेगच्याच कामाला मिळालंय, म्हणजे सर खोदून खोदून विचारणार. आणि एकदा ठरलेली पेशी नंतर बदलते का?

म्हापसेकर: तक्त्यात एक गोष्ट दिसत नाही. टीजीएफ-बीटामुळे फॉक्सपी३ आणि टीएच१७ चं मुख्य बटण आरओआर-गॅमा-टी हे दोन्ही वाढतात. आयएल-६ नसेल तर फॉक्सपी३ आरओआर-गॅमा-टीला धरून त्याचं काम अडवतं, आणि आयएल-२ कडून आलेला स्टॅट५ फॉक्सपी३ ला टिकवतो. आयएल-६ आलं की स्टॅट३ जागा होतो, फॉक्सपी३ दबतं, आरओआर-गॅमा-टी मोकळं. प्रमाणही बघ: टीजीएफ-बीटा भरपूर असेल तर पारडं टीरेगकडे झुकतं.

आता आयएल-६ येतं कुठून? जंतू ओळखलेल्या डेन्ड्रायटिक पेशींकडून (जंतूंचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या पेशी). म्हणून शांत आतड्यात टीरेग, संसर्गात टीएच१७. सरांनी खोदलं तर हेच सांग. यातले बरेचसे प्रयोग उंदरांच्या पेशींवरचे आहेत, तेही आधीच बोलून टाक.

ठरलेली पेशी बदलते, हो. टीएच१७ ला आयएल-१२ मिळालं तर ती इंटरफेरॉन-गॅमा करू लागते.

उदाहरण हवं तर कुष्ठरोग घे. जंतू तोच, टीएच१ जोरात असेल तर मोजके चट्टे आणि जंतू जेमतेम, टीएच२ कडे झुकलं तर त्वचेत जंतूंची गर्दी.

धागाकर्ती: म्हापसेकर सर, खूप आभार! टीएफएच (बी पेशींना मदत करणारा प्रकार) आणि त्याचं बटण बीसीएल६ याच स्लाइडवर घेऊ?

म्हापसेकर: नको, वेगळी कर. आयएल-६ तिथेही आहे, वर्ग गोंधळेल.