मदत हवी आहे: मातीच्या धरणातून पाणी येतंय, बाहेरून प्लास्टर करू का?

माळावरचा, शुक्रवार रात्री ९.१०
मुरबाड तालुक्यात आमचं छोटं धरण आहे. सरकारी नाही, आमच्याच जमिनीत, आजोबांनी ७२ च्या दुष्काळानंतर बांधलेलं. मी ठाण्यात कोपरीला असतो, तिकडे चुलतभाऊ बघतो. आज दुपारी त्याचा फोन आला, बांधाच्या बाहेरच्या अंगाला तळाशी पाणी येतंय. गवंडी म्हणतो जाळी ठोकून सिमेंटचं प्लास्टर मारू, एका दिवसाचं काम. तो सकाळी सामान आणायला निघेल. करू की नको, एवढंच सांगा. कोणी केलंय का? लवकर सांगा.

निवृत्त_पाटबंधारे, ९.२५
करू नका. गवंड्याला आत्ताच फोन करून थांबवा. मग हे सांगा: उंची किती, पाणी किती भरलंय, येणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) वाहतोय का, आणि खाली कोण राहतं?

सिन्नरचा_मळा, ९.३१
आमच्या शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकलाय, तीन वर्षं थेंब गळलेला नाही. तुम्हीही कागदच टाका. अनुदानासाठी सातबाऱ्यावर तळ्याची नोंद आहे का बघा, नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. माझ्याकडे अर्जाचा नमुना आहे, हवा तर देतो.

माळावरचा, ९.४०
अनुदान नकोय हो. उंची दोन-अडीच पुरुष असेल. पाणी थोडंच येतंय. सांडवा आहे. करू की नको विचारलं, कारण सांगा ना.

निवृत्त_पाटबंधारे, ९.५८
कारण असं. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. तुम्ही तोंडावर सिमेंट मारलं तर पाणी थांबत नाही, प्लास्टरच्या मागे तुंबतं. भराव भिजून फुगतो आणि एका रात्रीत उतारच घसरतो. पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही. माती येते का, हे बघायला भावाला बॅटरी घेऊन पाठवा. काचेची बाटली भरून अर्धा तास हलवायची नाही, तळाशी गाळ बसतो का बघायचं. दुसरं, पाण्याखाली बादली लावून भरायला किती वेळ लागतो तो मोजा. ‘थोडंच’ या शब्दावरून काही कळत नाही.
सिन्नरकर, कागद कोरड्या तळ्यात आतून अंथरतात. आज तिथे पाणी आहे.

घोडबंदरकर, १०.०५
खेकडे बघा. या पट्ट्यात खेकड्यांची बिळं फार. तिवऱ्याचं धरण खेकड्यांनीच पोखरलं होतं ना, २०१९ ला.

चिपळूणची, १०.१४
तिवऱ्याचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं गेली. गळतीबद्दल गावाने आधीच तक्रारी केल्या होत्या. खेकड्यांचं कारण नंतर पुढे केलं, ते आमच्या भागात अजून लोकांना लागतं. धागाकर्त्याने बिळं मोजत बसू नये, खाली कोण आहे ते आधी सांगावं. काकांनी विचारून तास होत आला.

घोडबंदरकर, १०.२०
मी दुखवायला लिहिलं नाही, ताई. पण बिळातून पाण्याला वाट मिळते हेही खोटं नाही.

निवृत्त_पाटबंधारे, १०.२६
मिळते. उंदीर, घूस, वाळवी, कुजलेली मुळं, सगळ्यांनी मिळते. म्हणूनच विचारतोय. बांधावर झाडं आहेत?

ठाण्याचा_वकील, १०.३३
धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरवरच्या धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. तुमचं त्यात बसत नाही. पण म्हणून मालक सुटत नाही. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला १८६८ चा निकाल खाजगी तलावाचाच आहे: गिरणीवाल्याने बांधलेल्या तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरलं, आणि निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाई द्यावी लागली. धोकादायक वस्तू जमिनीवर साठवली की ती निसटल्याची जबाबदारी साठवणाऱ्याची, हे तत्त्व आपल्या न्यायालयांतही चालत आलंय.

डोंगरवाट, १०.३८
वकीलसाहेब, माणूस सिमेंटचं विचारतोय.

ठाण्याचा_वकील, १०.४१
खाली घरं असतील तर त्याला हे आजच कळलं पाहिजे.

माळावरचा, ११.१५
भाऊ जाऊन आला. बाटलीत बोटभर लाल गाळ बसला. वीस लिटरची बादली पंधरा सेकंदांत भरते, दुपारी म्हणे चाळीस लागत होते. सांडव्यात बाभळीच्या काट्या नि गाळ आहे, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली होती. पाणी माथ्यापासून दोन हात खाली. झाडं आहेत, एक मोठा उंबर.
एक सांगायचं राहिलं. पाच वर्षांपूर्वी भेंडीला पाणी न्यायला बांध जेसीबीने कापून सहा इंची पाइप घातला होता. पाणी त्याच्या शेजारीच येतंय. चावी बाहेरच्या टोकाला आहे. खाली पाडा आहे, चौदा घरं.

डोंगरवाट, ११.१८
उंबर रातोरात कापा, मुळांनीच भराव फोडलाय.

निवृत्त_पाटबंधारे, ११.२४
उंबराला आज हात लावू नका. मुळासकट झाड निघालं की भोक पडतं. ते पाऊस संपल्यावर बघू.
दोष पाइपाचा आहे. बांध कापून पाइप टाकला की भोवतीची माती हाताने धुमसून दाबावी लागते, नुसती ढकलली तर पाइपाच्या अंगाने फट राहते. पाणी त्या फटीतून माती घेऊन येतं आणि फट मोठी होत जाते. गाळ आहे आणि धार वाढतेय, म्हणजे हे चालू झालंय. किती वेळ टिकेल ते कुणीच सांगू शकत नाही.
आधी पाडा रिकामा करा. आत्ता. १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा, तहसीलदारांना कळवा.
मग वाळू आणि खडी. पाणी येतं त्या जागेवर आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी. धारेने वाळू वाहून गेली तर आधी मोठी खडी टाकून जोर मोडायचा, मग पुन्हा वाळूपासून थर. खंदायचं नाही. बांधावर जेसीबी चढवायचा नाही.
पाणी कमी करा. जाळी काढा, सांडवा साफ करा. पाइपाची चावी पूर्ण उघडा: ती बंद असेपर्यंत पाइप बांधाच्या पोटात दाबाखाली असतो, सांधा सुटला असेल तर पाणी भरावात घुसतं. उघडल्यावर धार आणखी गढूळ झाली तर लगेच कळवा. पाइपाच्या आतल्या तोंडाशी कुणाला बुडी मारायला लावू नका, पाण्याला ओढ असते. चार इंची पाइप माथ्यावरून घालून सायफन लावा. एरवी पाणी सावकाश उतरवतात, नाहीतर आतला ओला उतार ढासळतो. आज गाळ येतोय, तो हिशेब बाजूला ठेवा.

माळावरचा, ११.३२
काका, रात्री पाडा उठवला तर घबराट होईल. पहाटे उठवलं तर?

मुरबाडची_बाई, ११.३६
मी याच भागात शाळेत शिकवते. पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते आणि पावसात लोक दार लावून झोपतात. धरणाचा आवाज ऐकू येईपर्यंत वेळ गेलेली असते. भावाला फोन करायला लावू नका, माणूस पाठवा, दारोदार. शाळेची किल्ली कुणाकडे असते ते पोलीसपाटलांना विचारा. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आहेत, दमून झोपलेली माणसं आहेत, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना आधी न्या.

माळावरचा, शनिवार पहाटे ५.५०
निघतोय, कल्याणपर्यंत पोचलो. पाडा रात्री दीडपर्यंत शाळेत हलवला. तहसीलची दोन माणसं आली. वाळू गावात एका घराच्या बांधकामावर होती, ती उचलली. भाऊ म्हणतो जाळी काढल्याबरोबर सांडवा जोरात वाहायला लागला. चावी उघडली, दोन सायफन चालू आहेत. बादलीला आता तीस सेकंद लागतात, पाणी अजून लालसरच आहे.
गवंडी सकाळी येतोय. त्याला सांगितलंय, सिमेंट नको, खडी आण.

निवृत्त_पाटबंधारे, ६.०२
लालसर आहे तोवर कुणी घरी जाऊ नये. तासातासाला बाटली भरा, वेळ लिहून बाटल्या ओळीने ठेवा. पाण्याच्या कडेला काठी रोवून खूण करा. पोचलात की मला पाइपाच्या दोन्ही टोकांचे फोटो पाठवा.

सिन्नरचा_मळा, ६.२०
खडी कमी पडली तर सांगा. माझा भाचा शहापूरला ट्रॅक्टर चालवतो, निघायला सांगतो.