मन वळवणाऱ्या लेखनात अलंकार नेमके कुठे वापरावेत?

नवखा_अर्जदार:
नमस्कार. आमच्या नगरपरिषदेच्या वाचनालयातील अभ्यासिका सायंकाळी सहाला बंद होते. ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी, असे विनंतीपत्र मुख्याधिकाऱ्यांना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारी म्हणून ॲरिस्टॉटलचे इथॉस, पॅथॉस आणि लोगोस, अर्थात सांगणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क, हे वाचून काढले. उपमा, उत्प्रेक्षा, अनुप्रास ही मंडळी शाळेत पाठ केलेलीच होती. तरीही ‘ज्ञानाचा हा तेवता दीप सहालाच मालवतो’ या वाक्यापुढे पत्र सरकत नाही आणि तेही आता पोकळ वाटू लागले आहे. ती तीन साधने आणि हे अलंकार यांचा सांधा कुठे जुळतो?

निवृत्त_मास्तर:
वाक्य पोकळ वाटते, कारण त्यात दीप आहे आणि अभ्यासिकेबाहेर ताटकळणारा विद्यार्थी कुठेच नाही. शाळेत आपण उपमेय-उपमान वेगळे काढून गुण मिळवतो. तो अलंकार नसता तर वाचकाच्या मनात काय घडायचे राहिले असते, हे कोणी विचारत नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीच्या ओळी या दृष्टीने वाचून पाहा: ‘विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ आधीचे प्रत्येक पद पुढच्याचे कारण होत जाते, म्हणून साहित्यशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. येथे अलंकार हाच तर्क आहे; पहिली कडी मान्य केली की मध्येच अंग काढून घेता येत नाही. क्रियापदांकडेही लक्ष द्या. चार वेळा ‘गेली’, ‘गेले’ येते आणि माणसाचा उल्लेख होताच ‘खचले’ येते; ठेका मोडतो तिथेच भावनेचा भार पडतो.

तुमच्या पत्रात एवढेच लिहून पाहा: ‘अभ्यासिका सहाला बंद होते; तालुक्याच्या महाविद्यालयातून येणारी एसटी साडेसहाला पोहोचते.’ निष्कर्ष मुख्याधिकाऱ्यांना काढू द्या. न उच्चारलेली बाब वाचकाकडूनच भरून घेणाऱ्या अशा युक्तिवादाला एन्थिमीम म्हणतात.

अग्रलेख_वाचक:
मास्तरांशी सहमत आहे. फक्त उत्तर अपेक्षित नसलेल्या प्रश्नांबाबत सावध करतो. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या लोकमान्य टिळकांच्या जुलै १८९७ मधील अग्रलेखाच्या मथळ्याची भुरळ अजूनही अनेकांना पडते. तो प्रश्न सरकारविषयी होता, पण विचारला होता ‘केसरी’च्या वाचकांपुढे, आणि त्यांतील पुष्कळांचे उत्तर आधीच ठरलेले असणार. मुख्याधिकाऱ्यांना थेट ‘प्रशासन झोपले आहे काय?’ असे विचारलेत, तर पत्र सरळ फायलीला लागेल. इथॉससाठी सह्या करणाऱ्यांच्या पदव्या मांडत बसू नका; ॲरिस्टॉटलच्या मते विश्वास भाषणातूनच निर्माण व्हायला हवा. ‘वाढीव वीजबिल आणि कर्मचाऱ्याचे जादा तास यांचा खर्च येईल, याची आम्हाला जाणीव आहे’ एवढ्या वाक्याने ते काम होते.

नवखा_अर्जदार:
दोघांचेही आभार. पत्राची प्रत स्थानिक वर्तमानपत्रालाही द्यायची आहे. मग वाचक दोन झाले. भाषा कोणासाठी बेतावी?

निवृत्त_मास्तर:
अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र आठ धर्मोपदेशकांना उद्देशून होते, तरी ते वाचले साऱ्या देशाने. ‘थोडे थांबा’ म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी सुमारे तीनशे शब्दांचे एकच वाक्य लिहिले. अपमानाचा एकेक प्रसंग ‘जेव्हा’ने सुरू होत जातो आणि मुख्य विधान अगदी शेवटी येते, त्यामुळे थांबणे म्हणजे काय, हे वाचकालाच सोसावे लागते. मला तर लांब वाक्याचा याहून चोख उपयोग आठवत नाही. एवढे सुनावूनही त्या धर्मोपदेशकांशी बोलण्याची रीत मात्र आदराचीच राहते.

तेव्हा संबोधन मुख्याधिकाऱ्यांचेच ठेवा आणि वर्तमानपत्रासाठी वेगळा आवेश आणू नका. एसटीची वेळ मी नमुन्यादाखल लिहिली आहे. खरी वेळ आगारातून विचारून घ्या, कारण तेवढी चुकली तर खुलासा पत्राचा होईल, अभ्यासिकेचा नाही.