व्हीआरएस, घटते व्याजदर आणि अटलजींचा काळ : तुमच्या घरी काय झालं?

कोनाडा
आज बाबांचं कपाट आवरताना एक पिवळी पडलेली वही सापडली. पानापानावर उजवीकडे टक्के, खाली लाल रेघ. पीपीएफ १२. मग जानेवारी २००० ला ११, मार्च २००१ ला साडेनऊ, पुढच्या वर्षी ९, मार्च २००३ ला ८. शेवटच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "अजून?"

बाबांनी २००१ च्या सुरुवातीला बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय ५२, नोकरी २७ वर्षं. पूर्ण केलेल्या दर वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यात जे कमी ते. शाखेत निरोप समारंभ घाऊक झाला, एकाच संध्याकाळी पाच नारळ, पाच शाली. घरी पेढे आले. रात्री आईने सवयीने विचारलं, "उद्या डबा किती वाजता?" आणि दोघंही गप्प झाले.

पैसे साडेनऊ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी ठेवले, त्या व्याजावर घर. २००४ ला मुदत संपली, नूतनीकरणाला गेले तर साडेपाच. काउंटरला त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. बाबा काही बोलले नाहीत. घरी येऊन दोनपैकी एक पेपर बंद केला.

आणि त्याच वर्षी दादाला साडेसात टक्क्यांनी होमलोन मिळालं! बाबांनी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले, असा दर कधी बघितला नव्हता. एकच औषध, दादाला लागू पडलं, बाबांना बाधलं.

निर्गुंतवणूक मंत्री शौरी, विकल्या गेलेल्या सरकारी कंपन्या मॉडर्न ब्रेड, बाल्को, व्हीएसएनएल हे सगळं पेपरातलं. आमच्या घरात ते या वहीतून शिरलं. तुमच्याकडे कुठून? लिहा. राजकारण नको (येणारच, माहीत आहे).

फिरकीवाला
मी पयला. सविस्तर नंतर, कुकर लावलाय.

उंबरठा
शिक्षिका आहे. मुलाखत मी आणि मैत्रिणीने एकाच दिवशी दिली, ऑर्डरही बरोबरच आली. ती लगेच हजर झाली. मी म्हटलं दिवाळी तोंडावर आहे, फराळ उरकून जाऊ. रुजू दिनांक ७ नोव्हेंबर २००५. राज्यात जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पासून बंद! तिला पेन्शन, मला डीसीपीएस, म्हणजे पगारातून वर्गणी कापणारी नवी योजना. चकल्या फार महागात पडल्या हो. अजून दिवाळीला ती फोन करून विचारते, "भाजणी झाली का?"

नाकासमोर
@उंबरठा, केंद्राने बंद केली १ जानेवारी २००४ पासून, ती अटलजींच्या काळात. राज्यात २००५ ला आघाडी होती, विलासराव मुख्यमंत्री. बिल योग्य पत्त्यावर पाठवा.

उंबरठा
तेच तर! मार्च २०२३ च्या संपात "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडून घसा बसला, पण नक्की कुणाच्या नावाने ओरडायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

धडपड्या
प्लॅस्टिक खेळण्यांचा धंदा होता आमचा. मोल्डिंगची दोन मशिनं, सात माणसं. आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ ला उरलेसुरले उठले, ७१५ वस्तूंवरचे. तारीख बघून हसलो होतो. दीड वर्षात ठोक व्यापारी म्हणाला, तुझ्या साच्याच्या किमतीत मला अख्खा चिनी माल मिळतो. एक मशीन विकलं, दुसऱ्यावर बादलीच्या कड्या काढल्या. आता तेही नाही. पण खरं सांगू का, त्याच वर्षी पोराच्या वाढदिवसाला मीच चिनी हेलिकॉप्टर आणलं होतं. दिवे लागायचे त्याला. आपल्याला दिवे कधी जमले नाहीत.

तांब्याभांडं
धडपड्या, 🙏

आमच्याकडे गॅस!! नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचो, नाहीतर खासदाराचं कुपन मिळवा. राम नाईक पेट्रोलियम मंत्री झाले आणि ती यादीच संपली. दुसरा सिलिंडर आला त्या दिवशी सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं होतं.

नाकासमोर
पण तो मुक्त बाजार नव्हे. कंपन्या सरकारीच होत्या. एचपीसीएल, बीपीसीएल विकायला काढल्या तेव्हा २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अडवलं, संसदेत कायदा बदला म्हणाले.

तांब्याभांडं
असेल बाई. चहा वेळेवर व्हायला लागला एवढं मला कळतं.

नाकासमोर
बाई नाही मी.

फिरकीवाला
आलो. मारुतीचा आयपीओ, जून २००३, १२५ रुपयांनी. मला लागले ५० शेअर. दीडशेच्या वर गेल्याबरोबर विकून बायकोला मिक्सर घेतला. आता एकेका शेअरचा भाव पाच आकडी. मिक्सर २०११ ला जळाला. घरात विषय काढायचा नाही असा ठराव आहे.

कोनाडा
😂😂 बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले याला भेटायला पाहिजे.

सहजच
फोन विसरलात? रात्री ११ नंतर पाव दर म्हणून एसटीडी बूथसमोर रांग, हातात चिल्लर, डोळे त्या लाल आकड्यांवर. मोबाइल आला तर इनकमिंगलाही पैसे, वाजला की काळजात धस्स. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि आमचे वडील, जे जन्मात कुणाशी दोन वाक्यं बोलले नव्हते, ते अर्धा अर्धा तास बोलायला लागले. समोरच्याच्या खर्चाने.

मावळत
एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं कुणीच काढलं नाही? युतीवाले आधी अरबी समुद्रात बुडवणार होते, मग अटलजींचं ९६ चं तेरा दिवसांचं सरकार जाता जाता त्याला केंद्राची प्रतिहमी देऊन गेलं. आमचं गाव तिथून

फिरकीवाला
मावळत, अर्धवट का? लाइट गेली की काय?

मावळत
नातू. फोन ओढला.

दप्तर
@कोनाडा, बाबांनी बँकेच्या वाट्याच्या पीएफऐवजी पेन्शनचा पर्याय घेतला नव्हता का? २०१० ला दुसरी संधी होती.

कोनाडा
पहिल्यांदा नव्हता घेतला, "पीएफ हातात येतो" म्हणून. दुसऱ्यांदा घेतला. बँकेच्या वाट्याचा पीएफ आणि वर त्याचे ५६ टक्के परत भरायचे होते, आईच्या दोन बांगड्या गेल्या त्यात. पण त्यानंतर दुसरा पेपर पुन्हा सुरू झाला.

बाय द वे, वही परत मागितली त्यांनी. पीपीएफचा आत्ताचा ७.१ लिहायचा राहिलाय म्हणे.

तांब्याभांडं
वहीला कसर लागली असेल तर डांबरगोळ्या नको, वास जात नाही. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून घाल.