मदत हवी आहे : परसातल्या कळपासाठी शांत स्वभावाची कोंबडी कोणती?

होटगी_रोड
घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही अंड्यांपुरत्या कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांतली एक जात फार दांडगट असल्यामुळे बाकीच्यांची पिसे गेली असून एकीची तर कातडी उघडी पडली आहे. ती जात काढून शांत स्वभावाची दुसरी आणायची आहे. रविवारी बाजारात जायचे असल्याने कृपया फक्त जातीचे नाव सांगावे. पालनाची प्राथमिक माहिती मला आहे.

माळरान
दांडगट जात कोणती, पक्षी किती, त्यांत कोंबडे किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नाव सांगायचे तरी कशाच्या आधारावर?

शेतमळा_मोहोळ
डोळे झाकून गिरिराज आणा. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसासाठीच तयार केलेली ही जात आहे. अंगाने भारी, माणसाला न बुजणारी आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवर न चढणारी.

बार्शीकर
भारी पक्षी शांत असतो म्हणजे पळता येत नाही म्हणून शांत असतो, हे मुंगसाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया अंगाने हलकी आहे आणि अंडीही भरपूर देते.

शेतमळा_मोहोळ
मुंगसाचा बंदोबस्त जाळीने करायचा असतो, जात बदलून नव्हे.

होटगी_रोड
एकूण अकरा पक्षी आहेत : दोन असील, चार ऱ्होड आयलंड रेड, तीन कडकनाथ आणि दोन गावरान. जागा भरपूर आहे, खाद्य घरचेच आहे. आता तरी नाव सांगाल का?

चवदार
कडकनाथ मुळीच काढू नका. झाबुआच्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पुष्कळांचा समज असतो तशी तिची अंडी मात्र काळी नसतात, फिकट तपकिरी असतात.

पशुवैद्यक_निवृत्त
अंड्यांच्या रंगाविषयी कोणी विचारलेले नाही. होटगी रोड, पिसे नेमकी कोठली गेली आहेत ते पाहून सांगा. शेपटीच्या बुडाशी आणि गुदद्वाराभोवती जागा उघडी असेल, तर कोंबड्या एकमेकींना टोचत आहेत. त्यामागे दाटी, उकाडा, खुराड्यात पडणारा प्रखर उजेड किंवा खाद्यातली प्रथिनांची कमतरता असते. पाठ आणि मानेची मागची बाजू उघडी पडली असेल, तर ते कोंबड्याचे काम आहे, कारण वर चढताना तो मानेची पिसे चोचीत धरतो आणि पाठीवर नखे रोवतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. शिवाय ‘घरचे खाद्य’ म्हणजे ज्वारी असेल, तर तीत प्रथिने साधारण 10 टक्के आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात 16 ते 18 टक्के.

लेअर_फार्म
एवढा खल कशाला करता? सगळ्यांच्या चोचींची टोके कापून घ्या. आमच्याकडे पिंजऱ्यात हीच पद्धत आहे.

माळरान
आपल्या पिंजऱ्यातली कोंबडी समोरच्या पन्हाळीतून खाते. परसातल्या कोंबडीला किडे टिपायचे असतात, गवत तोडायचे असते. चोच कापली तर ती चरणार कशाने?

असीलप्रेमी
धाग्यात अद्याप कोणी थेट दोष दिला नसला तरी रोख असीलकडेच आहे, म्हणून लिहितो. असील दुसऱ्या कोंबड्याला सहन करत नाही हे खरे. पण सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात तो मांजरासारखा बसतो, आणि असील मादी खुडूक बसली की तिच्यासारखी आई नाही. झुंजी लावून माणसांनीच त्याचे नाव खराब केले आहे, आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने त्या गुन्हा आहेत.

होटगी_रोड
पाहिले. फक्त लाल कोंबड्यांचीच पाठ आणि मान उघडी आहे. सर्वांत वाईट अवस्था असलेलीच्या पाठीवर पिसांचे नुसते मोडके देठ उरले आहेत आणि दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे आहेत. कडकनाथ ठणठणीत असून त्या दिवसभर पत्र्यावर असतात. दोन्ही असील कोंबडे आहेत. त्यांतला एक सासऱ्यांनी मंगळवेढ्याहून पाठवलेला असल्यामुळे त्याला हात लावता येणार नाही. खाद्य ज्वारीच.

पशुवैद्यक_निवृत्त
मग उत्तर आपणच दिले आहे. नऊ माद्यांना एक कोंबडा पुरतो, आपण दोन ठेवले आहेत, आणि तेही चार-चार किलोंचे. कडकनाथ हलकी आणि बुजरी असल्याने निसटते. ऱ्होड आयलंड रेड सोशिक, कोंबडा जवळ आला की जागीच दबून बसते, म्हणून दोघांचाही भार तिच्यावर पडतो. आपण आणखी शांत जात आणली, तर तिचीही हीच गत होईल. एक कोंबडा आजच वेगळा करा आणि राहील त्याच्या नखांची टोके कानशीने बोथट करा. जखमी कोंबडीला खपली धरेपर्यंत एकटी ठेवा, नाहीतर लाल दिसले की बाकीच्याही टोचू लागतील. मोडकी पिसे पुढच्या पीसगळीपर्यंत नव्याने येणार नाहीत, त्यामुळे तोवर धीर धरावा लागेल. ज्वारीबरोबर शेंगदाण्याची पेंड द्या, मात्र तिला बुरशीचा वास येत असेल तर तिच्यापेक्षा काही न देणे बरे.

बार्शीकर
पाण्याची भांडी दोन ठेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एकच भांडे असले, की त्यावर दांडगा पक्षी ठाण मांडतो आणि बाकीच्या धापा टाकत उभ्या राहतात. पत्र्यावर पाचटही टाका.

होटगी_रोड
रविवारचा बाजार रद्द. सासऱ्यांचा कोंबडा ठेवतो. दुसरा पाळण्यासाठी कोणाला हवा असल्यास निरोप करावा. झुंजीसाठी हवा असणाऱ्यांनी विचारू नये.

असीलप्रेमी
निरोप केला आहे. माझ्याकडे माद्या आहेत, कोंबडा नाही.