मदत हवी आहे : आजोबांनी केलेल्या आगबोटीवरचा पांढरा रंग कसा काढू?

गिरणीचा नातू

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचून जाणारा माणूस, पण आता अडलोय. पोस्ट लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे, घर साखर पेठेत. आजोबा गिरणीच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्नमेकर होते. मशीनचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करतात, ते काम. त्यांनी घरी फावल्या वेळात केलेली एक आगबोट गेली तीसेक वर्षं माळ्यावर पडून होती, पितळी घंगाळाच्या मागे, धोतरात गुंडाळून. मार्चमध्ये माळा आवरताना खाली काढली.

घरात तिला 'कोटणीसांची बोट' म्हणतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे इथे सांगायला नको. १ सप्टेंबर १९३८ ला अटल, चोळकर, बासू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या जखमींवर उपचार करायला मुंबईहून निघाले ते 'राजपुताना' नावाच्या आगबोटीने. पी अँड ओ कंपनीची बोट, १९२५ ची, साडेसोळा हजार टनांची. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले तेही हिच्यावरूनच. आजोबांकडे तिचं एक पोस्टकार्ड होतं आणि त्यावरून त्यांनी ही केली, असं आजी सांगायची. पोस्टकार्ड आता नाही.

माप घेतलं. लांबी सव्वाचौतीस इंच, रुंदी साडेचारला किंचित कमी. खरी बोट ५४७ फूट लांब आणि ७१ फूट रुंद. म्हणजे इंचाला सोळा फूट. भागाकार जुळला तेव्हा एकटाच बसून हसलो. पोस्टकार्डावरून एवढं माप निघत नाही, त्यांनी आकडे कुठून तरी मिळवले असणार.

आता दुखणं. १९८४ च्या गणपतीत आमच्या काकांनी आराशीसाठी क्षीरसागर केला होता, कापसाचा. त्यात ही बोट सोडली. क्षीरसागरात आगबोट कशाला, हे काकांना विचारायची तेव्हा कोणाची छाती नव्हती. तर बोट आराशीला शोभावी म्हणून त्यांनी तिला अख्खी पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली आणि खिडक्यांना भोकं पाडून आतून सिरीजचे बल्ब सोडले. दोन ठिकाणी लाकूड काळं पडलंय.

खरी बोट काळ्या अंगाची, काळ्या धुरांड्यांची आणि वरचे मजले दगडी रंगाचे. धुरांडी दोन. आमच्या बोटीला एकच आहे, गिरणीतल्या लाकडी बॉबिनची बनवलेली. दुसऱ्याच्या जागी रंगाखाली गोल कडा हाताला लागते. कठडे मागाच्या फणीच्या तारेचे, निम्मे तुटलेत. दोरखंड सुताचे, हात लावला की भुगा. जीवनौका शिशाच्या ओतलेल्या, बावीस आहेत, त्यांच्यावर पिठासारखं काहीतरी आलंय. अंग फळ्यांचे थर सरसाने चिकटवून कोरलेलं, ते थर आता उलायला लागलेत. एका फटीत पोस्टकार्डाची कड सहज जाते. शिवाय तळाला टाचणीएवढी भोकं.

पांढरा रंग कसा काढू? फटी कशाने भरू? दुसरं धुरांडं करून बसवू का? आई म्हणते बोट पुन्हा काळी कर, दारातच ठेवू. फोटो खाली टाकलेत.

डुकोवाला

एवढं काय अवघड आहे वो? थिनर मारा, ऐंशी नंबरचा पेपर घासा, पुट्टी भरा, गाड्यांना मारतात तो ड्युको रंग मारा. दोन दिवसांचं काम. बाळीवेशीत आमचे मित्र आहेत, आरशासारखी करून देतील.

सुतारपक्षी

डुकोवाला, तुमच्या मित्रांनी रिक्षा कराव्यात, उत्तम करतात. ही बोट त्यांच्या हाती देऊ नका.

नातू, आधी घासायचं थांबवा. सुरू केलं नसेल तर फारच छान. त्या काळच्या रंगात शिसं असतंच असं धरून चाला. पांढऱ्यात सफेदा आणि तळाच्या लाल रंगात बहुतेक शेंदूर, म्हणजे तेही शिशाचंच ऑक्साइड. कोरडा पेपर मारला की ती धूळ तुमच्या घरात, तुमच्या पोरांच्या ताटात. हीट गनही नको, वाफ त्याहून वाईट. थिनर तर खालचा-वरचा असा भेद करत नाही, सगळंच एकदम विरघळवेल आणि तुमच्या हाती चिखल येईल.

फटींबद्दल एक कळकळीचं. आत्ता मे महिना आहे, तुमच्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस तापमान. लाकूड वाळून आक्रसलंय, फटी वर्षात सर्वांत मोठ्या आहेत. आत्ता पुट्टी ठासून भरलीत की ऑगस्टमध्ये लाकूड फुगेल, पुट्टीला कुठे जायला जागा नाही, मग शेजारचा रंग उडेल नाहीतर नवी चीर पडेल. पाऊस लागू द्या. फट आपोआप किती मिटते ते पाहा आणि मगच उरलेल्या फटीत लाकडाची पातळ चीप घाला, तीही एकाच बाजूला चिकटवून. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे लाकडाला हलता येतं. चिकटवायला सरसच वापरा. ओलसर उष्णता दिली की सुटतो, उद्या कोणाला दुरुस्ती करायची तर करता येते. फेव्हिकॉल एकदा बसला की बसला.

जुनंतेसोनं

मी संग्रहालयात वस्तूंच्या जपणुकीचं काम करते. सुतारपक्षींशी सहमत, थोडी भर घालते.

ऑइलपेंट वर मारण्याआधी तुमच्या काकांनी बोट धुतली होती का, हे विचारा. मला वाटतं नसावी. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं. चाळीस वर्षांच्या धुरावर, तेलकट थरावर मारलेला रंग खालच्या रंगाला नीट धरत नाही. असा रंग द्रावण न वापरता नुसत्या सर्जिकल ब्लेडने, जवळजवळ आडवं पातं धरून, पापुद्र्यासारखा उचलता येतो. कुठेतरी न दिसणाऱ्या जागी, समजा मागच्या बाजूला खाली, नखाएवढी खिडकी उघडून पाहा. मास्क आणि हातमोजे घाला, पापुद्रे ओल्या कागदावर पडू द्या. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं भिंग मिळवा. खाली किती थर आहेत, कोणता कोणाच्या वर आहे, ते लिहून ठेवा. फोटो काढल्याशिवाय पुढची नखभर जागा उघडायची नाही!

खालचा मळ काढायला आमच्याकडे अजूनही थुंकी वापरतात. हसू नका, तिच्यात मळ सोडवणारी विकरं असतात आणि ती रंगाला फारशी इजा करत नाही. कापसाचा बोळा किंचित ओला करायचा, फिरवायचा, टाकून द्यायचा. तोच बोळा पुन्हा तोंडात घालायचा नाही, शिसं आहे! नंतर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचा बोळा.

जीवनौकांवरचं पीठ हे शिशाचं गंजणं आहे. बोट माळ्यावर नुसती धोतरात होती की आधी पेटीत होती? बंद लाकडी पेटीत, विशेषतः प्लायच्या, लाकडातून आणि चिकटवणीतून अॅसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि ती शिशाला खाते. पुढे पेटी करायची तर काच आणि अॅल्युमिनियमची करा, तळाशी हवेला वाट ठेवा. सागवानी पेटी कितीही देखणी असली तरी नको.

आणि शिसं कानशीने घासू नका. मऊ ब्रशने वरवरचं पीठ झटका, तेही ओल्या कागदावर.

गिरणीचा नातू

ताई, बरोबर ओळखलंत. सत्तर साली वडिलांनी प्लायची पेटी केली होती, पुढे काच. ती पेटी मोडून काकांनी आराशीचा हिमालय केला.

सुतारपक्षी, पेपर आणलेला होता. परत नेऊन दिला.

खारा वारा

मी आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलं, म्हणून दुसऱ्या धुरांड्याबद्दल बोलतो. या वर्गाच्या चार बोटी होत्या, 'राजपुताना', 'रावळपिंडी', 'रांची', 'रणपुरा'. त्यांचं मागचं धुरांडं खोटं होतं, दिसायला. दोन धुरांड्यांची बोट प्रवाशांना जास्त दणकट वाटायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने या बोटी घेऊन त्यांवर तोफा चढवल्या तेव्हा ते खोटं धुरांडं काढूनच टाकलं. 'राजपुताना' १३ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली तेव्हा ती एका धुरांड्याची होती.

धुरांडं कराच, पण आधी त्या गोल कडेचं नीट बघा. तुटलंय की काढलंय?

हुटगी रोड

भोकांचं कोणी बोललंच नाही. काळ्या कागदावर बोट ठेवा आणि पंधरा दिवस हलवू नका. खाली ताजं पीठ पडलं तर भुंगा जिवंत आहे, नाही तर जुनी भोकं आहेत, विसरा. जिवंत असला तर आमच्या ओळखीत आइस्क्रीमवाला आहे, त्याचा आडवा डीप फ्रीझर उणे वीसला जातो. पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधायची, दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर लाकडावरच दव धरतं. पण मेमध्ये तो फ्रीझर देणार नाही हो, डिसेंबरात या.

जुनंतेसोनं

हुटगी रोड, पद्धत बरोबर. फक्त सुटू लागलेला रंग आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेच्या पातळ द्रावणाने जागच्या जागी धरून घ्यायचा, मग थंडीत ठेवायचं. गारठ्यात जुना रंग ठिसूळ होतो.

गिरणीचा नातू

पाच आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी. काळ्या कागदावर काही पडलं नाही, त्यामुळे आइस्क्रीमवाला वाचला. मृगाच्या दोन सरी झाल्या आणि फट खरंच मिटायला लागली. पोस्टकार्ड आता जात नाही, वहीचा कागद जातो.

खिडकी उघडली. मागच्या बाजूला उजवीकडे, एक सेंटिमीटर. ताई, पांढरा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघाला, खाली तेलकट तपकिरी मळ होता. तो थुंकीने निघाला. (बायको तेव्हा चहा घेऊन आली होती. तिला समजावायला वेळ लागला.)

पण खाली काळा नाही. राखाडी आहे.

सुतारपक्षी

अस्तर असेल. पुष्कळ जण राखाडी अस्तर मारायचे.

जुनंतेसोनं

अस्तर असेल तर काळ्याच्या खाली दिसेल. खिडकीची कड पायऱ्यांसारखी उतरवा, एकेक थर थोडा मागे ठेवून. मग भिंगातून पाहा.

गिरणीचा नातू

पाहिलं. लाकूड, त्यावर पांढुरकं अस्तर, त्यावर काळा, काळ्यावर राखाडी, मग मळ, मग काकांचा पांढरा. राखाडी काळ्याच्या वर आहे. वरच्या मजल्यांवरही तसंच, दगडी रंगावर राखाडी.

मग खारा वारा म्हणाले तशी गोल कडा उघडली. धुरांडं तुटलेलं नाही. भोकात लाकडाची गोल गुडदी बसवलीय, डेकच्या पातळीला रंध्याने इतकी साफ केलीय की रेषा दिसत नाही, आणि तिच्या अंगावर तोच राखाडी रंग आहे. पुढच्या आणि मागच्या डेकवर मिळून आठ बारीक भोकं आहेत, तीही बुजवलेली नाहीत, नुसती रंगली आहेत.

खारा वारा

आठ? तिच्यावर सहा इंची तोफा आठच होत्या. आणि राखाडी हा युद्धनौकांचा रंग. तुमच्या आजोबांनी बोट युद्धावर पाठवली हो.

गिरणीचा नातू

काकांना फोन केला. ते आता ब्याऐंशीचे, पुण्याला मुलाकडे असतात. मी विचारलं, तुम्ही रंगवलीत तेव्हा बोट कुठल्या रंगाची होती? म्हणाले, "मळकट राखाडी होती रे, उंदरासारखी. म्हणून तर रंगवली." आणि तोफा? थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, खिळ्यांसारखं काहीतरी होतं डेकवर, टोचायचं म्हणून पकडीने उपटून टाकलं.

तर असं आहे. पांढरा रंग सगळा काढणार, राखाडीपाशी थांबणार. दुसरं धुरांडं करत नाही. त्यासाठी जुन्या बाजारातून जुळणारं बॉबिन आणलं होतं, ते तसंच पडून आहे. आईला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, कोटणीस गेले ते काळ्या बोटीतून, मग घरात काळीच बोट दिसली पाहिजे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून सध्या मागची उजवी पायऱ्यांची खिडकी तशीच उघडी ठेवतोय, तीत काळा दिसतो. बोट ठेवताना ती बाजू दाराकडे करू म्हणालोय.

दोन गोष्टी अजून हव्यात. तोफांसाठी पितळी तार घेऊ की फणीचीच? कठडे त्यांनी फणीच्या तारेचे केलेत म्हणून विचारतोय. आणि काकांनी बल्बसाठी पाडलेली भोकं बुजवू का? एकूण एकोणचाळीस आहेत.

जुनंतेसोनं

फणीचीच घ्या, आणि नव्या तोफांच्या बुडाला बारीक अक्षरात साल लिहा, म्हणजे पुढच्याला फसवल्यासारखं होणार नाही. बल्बची भोकं राहू द्या. तीही आता चाळीस वर्षांची आहेत.

डुकोवाला

ते बॉबिन उरलंय म्हणता, विकणार का?