एकाच दिवसात किल्ला आणि झिपलाइन: मुलांना झेपेल का?

मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. सकाळी किल्ला आणि दुपारी साहसी खेळांच्या केंद्रात झिपलाइन (उंच ताणलेल्या तारेला लटकून घसरत जायचा खेळ) असा बेत आहे. गेल्या वेळी धाकटा अर्ध्या तासात कंटाळला आणि मलाच वाईट वाटलं. काय बदलू?

उत्तर १
किल्ला सकाळीच ठेवा, ऊन चढायच्या आत. पण सगळा बघायचा हट्ट सोडा. मी माझ्या नातवाला फक्त दरवाजा आणि एक बुरूज दाखवते. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक मारू नये म्हणून असतात, हे कळल्यावर तो प्रत्येक खिळ्याला हात लावून बघत होता! मग तटातली जंगी, म्हणजे शत्रूवर मारा करायला भिंतीत ठेवलेलं भोक. ती आतून रुंद आणि बाहेरून अरुंद असते. आतल्याला नेम धरायला जागा मिळते, बाहेरच्याला मात्र आतला माणूस सहज टिपता येत नाही. मुलाला आत उभं करा, तुम्ही बाहेर जा आणि 'मी दिसते का?' विचारा. आमचा हा खेळ पाऊण तास चालला. सासूबाईंना सावलीत बसवून गोष्ट सांगायचं काम द्या, त्यांनाही बरं वाटेल.

उत्तर २
झिपलाइनला उंची-वजनाची अट असते. आधी फोन करून विचाराच. ताई वर आणि आपण खाली, हे पाच वर्षांच्या मुलाला फार लागतं.

प्रश्नकर्ती
जंगीचा खेळ नक्की करणार. फोन आत्ताच लावते.